प्रारब्ध कशाला म्हणावे ?

आमच्या दिंडीत एक वृद्ध विणेकरी होते. काकड्याच्या दिवसांत, आपल्या गावच्या देवळात पहाटे उभे असता त्यांच्या उजव्या हातातील टाळ गळून पडला. तोंड एका बाजूस ओढले गेले, जीभ अडखळू लागली. जमलेली मंडळी म्हणाली, “बुवांच्या अंगावरनं वारं गेलं. जरा पडू द्या, उतरंल.” कोणी तेल चोळले, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगितले. दुपारी जाणत्याकडे नेले. दुसऱ्या दिवशी तालुक्याला; तेथे डोक्याची तपासणी करण्याचे यंत्र नव्हते. जिल्ह्याच्या गावी पोचेतो दुसरी रात्र पडली. प्राण वाचले, हात गेला.

पुढे मी भेटीस गेलो, तेव्हा डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवीत ते म्हणाले, “महाराज, हे माझं प्रारब्धच की ओ?” मी “होय बुवा” म्हणालो. त्यांना धीर आला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी खरे बोललो काय?

आधी हे दुखणे काय ते पाहू. लकवा म्हणजे वारे नव्हे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, नाहीतर फुटते. वाहिनी तुंबली असता दर मिनिटास सुमारे १९ लाख पेशी मरतात, असे शास्त्रज्ञांनी २००६ साली गणित मांडले. गुठळी विरघळविणारे औषध आहे. १९९५ साली अमेरिकेत त्याचा गुण सिद्ध झाला. पण ते पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. रक्तस्राव असेल तर तेच औषध घातक. म्हणून येथे घटका-पळांचा हिशेब आहे.

यावर कोणी म्हणेल, “वेळेवर नेलेले सगळेच कुठं बरे होतात? शेवटी देवाची इच्छा!” हे अर्धे खरे आहे. फळ आपल्या हाती नाही. परंतु जाणे आपल्या हाती होते की नाही? भोगास आले ते प्रारब्ध. जे आता करावयाचे ते क्रियमाण. प्रारब्ध हा शब्द मागे वळून पाहताना मनाला शांत करण्यासाठी आहे. पुढचे पाऊल अडविण्यासाठी नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता आपण घागर उचलतो, त्याचे संचित विचारीत बसत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ती अधिक बोचणारी आहे. उशीर सगळा घरच्यांच्या अज्ञानाचा नसतो. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ पासून दोन वर्षे मृत्यूंची पाहणी झाली. तेथे दर सात मृत्यूंत एक पक्षाघाताचा निघाला, आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच गेली. जगातही या रोगाचे बहुतेक बळी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच पडतात. रस्ता नाही, गाडी नाही, यंत्र दूर, औषध महाग. मुलगा पैशासाठी दारोदार फिरतो तोवर तास सरतात. त्या घराला “तुमचे प्रारब्ध” म्हणणे म्हणजे आपले न केलेले कर्म त्यांच्या कपाळी लिहिणे होय. स्वतःच्या दुःखाला प्रारब्ध म्हणावे, ही सहनशीलता. दुसऱ्याच्या दुःखाला म्हणावे, ही पळवाट.

मग करावे काय? तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी अचानक दिसले तरी थांबू नये. लक्षण कधी दिसले ती वेळ ध्यानात ठेवावी. तोंडात पाणी, अंगारा, गोळी काही घालू नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते. आपल्या राज्यात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, फोनला पैसे पडत नाहीत. सी.टी. स्कॅनचे यंत्र जवळ कोठे आहे, हे गावाने आधीच विचारून ठेवावे. रात्री गाडी कोण काढील, हेही ठरवून ठेवावे. उशीर झाला तरी जावेच. उपचार तेव्हाही असतात. आणि बरे असतानाच रक्तदाब तपासून घ्यावा, कारण या दुखण्याचे मोठे मूळ तेथे आहे.

सप्ताहात वीणा आपण कधी खाली ठेवीत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा गळ्यात घेतो. रात्री दोन वाजताही कोणीतरी जागा असतो. लाकडाच्या वीण्यासाठी जे गाव एवढे जागते, त्याला वीणा धरणाऱ्या माणसासाठी जागता येणार नाही काय?

बुवांना मी पुन्हा भेटलो, तेव्हा म्हणालो, “बुवा, भोग तुमचा खरा, पण उशीर आम्हा सगळ्यांचा.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अडखळत म्हणाले, “मग पुढच्याला तरी... लवकर न्या.”

हीच त्यांची आज्ञा समजावी.