अर्थाला आधार हवा

शब्द तीन तऱ्हांनी अर्थ देतो, असे भारतीय साहित्यशास्त्र मानते. कोशातला सरळ अर्थ देणारी शक्ती ती अभिधा. तो अर्थ अडला की त्याच्याशी नाते असलेला दुसरा अर्थ पुढे आणते ती लक्षणा, आणि शब्दांत न उच्चारलेले जाणवून देते ती व्यंजना. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनी, म्हणजे व्यंजनेने सुचणारा प्रधान अर्थ, हा काव्याचा आत्मा ठरवला. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त या साऱ्याची नेटकी मांडणी केली.

तिघींत लक्षणेचे नियम सर्वांत काटेकोर. मुख्य अर्थाला बाध यायला हवा, नवा अर्थ त्याच्याशी जोडलेला हवा आणि या वळणामागे रूढी किंवा प्रयोजन हवे. ‘निवडणुकीत त्यांचे पानिपत झाले’ या वाक्यात पानिपत हे गाव बसत नाही. 14 जानेवारी 1761 रोजी तिथे झालेला मराठ्यांचा संहार दोन्ही अर्थांना सांधतो. आता हा प्रयोग इतका अंगवळणी पडला आहे की बोलणाऱ्याला ती लढाई आठवावीही लागत नाही, ही रूढी. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे शास्त्रकारांचे लाडके उदाहरण मात्र प्रयोजनाचे. प्रवाहावर वस्ती होत नाही, म्हणून अर्थ ‘काठावर’ असा घ्यायचा. तरीही ‘गंगेवर’ म्हटले, कारण त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य सुचवायचे आहे. ते सुचवण्याचे काम व्यंजनेचे.

व्यंजना प्रसंगावर चालते. वक्ता कोण, श्रोता कोण, आवाजाची लकब कशी, प्रकरण, स्थळ आणि काळ कोणता, हे पाहायला मम्मट सांगतो. ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य गुराख्याला गुरे वळवायला सांगते, मजुराला काम थांबवायला आणि अभिसारिकेला घराबाहेर पडायला.

शाळेत मात्र ‘अलंकार : रूपक’ असे लिहिले की गुण मिळतात आणि प्रश्न तिथेच मिटतो. हे नुकसान लहान नाही, कारण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे : हेच उपमान का? एकनाथांच्या भारुडात कामक्रोधाचा विंचू चावतो. विंचवाचे विष झटकन चढते, माणूस ओरडतो, नाचतो. भारूड सादर करणाऱ्याला हे सारे अंगाने दाखवता येते. उतारा आणि अंगारा हे गावच्या मांत्रिकाचे उपाय. नाथ तमोगुण मागे सारायला सांगतात आणि अंगारा देतात तो सत्त्वगुणाचा. ऐकणाऱ्याच्या रोजच्या भयातून वाट काढत उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचतो.

भाषणालाही हीच कसोटी लागते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले, की राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर विषमतेने पोळलेले लोक या सभेने कष्टाने उभारलेली राजकीय लोकशाहीची रचना उद्ध्वस्त करतील. लोकशाही ही दगडविटांची वास्तू नव्हे, म्हणून लक्षणा. समोर बसले होते ते ही रचना उभारणारेच, आणि त्यांच्याच श्रमांचा उल्लेख झाल्याने इशारा जिव्हारी लागतो. हेच शब्द एखाद्या बंडखोराने उच्चारले असते तर धमकी वाटली असती. इथे मसुदा समितीचा अध्यक्ष बोलत होता, आणि दुसऱ्याच दिवशी संविधान स्वीकारले जाणार होते. शिल्पकारच आपल्या कामाची मर्यादा सांगत होता, हा व्यंग्यार्थ वक्ता आणि काळ यांतून उमटतो.

मग ज्याला जे सुचेल तो अर्थ मानायचा का? अकराव्या शतकातल्या महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ लिहून व्यंजनेलाच हरकत घेतली. सुचलेला अर्थ म्हणजे अनुमानच, असे तो म्हणतो. आणि अनुमान म्हटले की हेतू, म्हणजे त्याचा आधार, दाखवावा लागतो. व्यंजनेची बाजू परंपरेत टिकली, तरी वाचकाने महिमभट्टाची ही मागणी सोडू नये. त्याच भाषणात आंबेडकर म्हणतात, की धर्मात भक्ती मोक्षाचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. यातला उत्तरार्ध तेवढा उचलून त्यांना भक्तीचे सरसकट विरोधक ठरवणाऱ्या वाचनाला त्या विधानाचा पूर्वार्धच आधार देत नाही.