सोसण्याचं कौतुक पुरे

गरोदर बाईला उलट्या व्हायच्याच, पोट जड राहायचंच, शौचाला साफ होत नाही हेही आलंच. घराघरातल्या या शहाणपणाच्या आड एक जीवघेणा आजार लपतो. आतड्यात अडथळा येणं हा तो आजार. तो क्वचितच होतो, पण झाला की आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं, आणि तेही बहुधा उशिरामुळे.

निम्म्याहून अधिक वेळा मूळ असतं ते आधीच्या ऑपरेशनमध्ये. अपेंडिक्स असो वा सिझेरियन, जखम भरताना पोटात पट्टे तयार होतात आणि आतडी चिकटतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भाशय वर सरकतं, शेवटी बाळाचं डोकं खाली उतरतं, बाळंतपणानंतर गर्भाशय झपाट्याने आकसतं. अशा वेळी चिकटलेलं आतडं ताणलं जातं, मुडपतं. काहींच्या आतड्याला पीळच पडतो. रक्तपुरवठा तुटला तर ते काही तासांत काळं पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातलं सिझेरियनचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १७.२ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये ते २१.५ टक्के झालं. म्हणजे पोटावर व्रण घेऊन पुन्हा गरोदर राहणाऱ्या बायका वाढणार.

आणि आपण काय करतो? सातव्या महिन्यातली सून पोट धरून बसते. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. उलटीतून हिरवं पाणी पडतं, कालपासून वाराही सरलेला नसतो. तिला ओवा देतात, पोट शेकतात, वर एरंडेल पाजतात. अडलेल्या आतड्याला जुलाबाचं औषध देणं घातकच. पण त्याहून घातक आहे ते 'आम्ही नाही का सोसलं?' हे वाक्य. निमूट सोसते ती गुणी आणि बोलून दाखवते ती नाजूक, ही आपली मोजपट्टीच क्रूर आहे. ती लावणाऱ्या सासूबाईही कधीकाळी अशाच गप्प बसवल्या गेल्या होत्या, म्हणून दोष एकट्या त्यांचा नाही. शेजारच्या खोलीत बसून 'बायकांचं बायका बघतील' म्हणणाऱ्या पुरुषांचाही आहे.

दवाखान्यातही एक भीती आडवी येते: एक्स-रेने बाळाला इजा होईल. पोटाच्या एका एक्स-रेमधला किरणोत्सर्ग धोक्याच्या मर्यादेच्या खूपच खाली असतो. सोनोग्राफी आणि एमआरआय तर आहेतच. तपासणी करण्यापेक्षा निदान लांबण्यातच बाळाला जास्त धोका आहे.

म्हणून सांगणं एवढंच. पहिल्याच तपासणीत आधीची सगळी ऑपरेशनं डॉक्टरांना सांगा. थांबून थांबून कळा, उलट्या, फुगलेलं पोट, शौच आणि वारा बंद अशी लक्षणं दिसली, मग ती गरोदर असो वा ओली बाळंतीण, तर तोंडाने काही देऊ नका. १०८ ला फोन लावा आणि सर्जन असलेल्या रुग्णालयात तिला न्या. नवरा कामावरून येईपर्यंत थांबू नका.