पाथरीचे वतन

दोन मराठी माणसे परक्या मुलखात भेटली की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. "गाव कोणतं तुमचं?" विचारणाऱ्याला आपला पत्ता नको असतो. तीन पिढ्या डोंबिवलीत काढलेला माणूससुद्धा या प्रश्नाला डोंबिवली म्हणत नाही. जिथे त्याचे घर पडून गेले, बांधही भावकीत गेला, त्या गावाचे नाव तो न चाचरता सांगतो. या उत्तरामागे काय असते ते समजून घ्यायला परभणी जिल्ह्यातल्या पाथरीसारखी जागा नाही, कारण या एका उत्तरापायी इथे एकदा दोन महिने तोफा चालल्या आहेत.

पाथरी गोदावरीच्या उत्तरेला, काळ्या सपाट रानात वसलेली. किल्ला बघायला निघालेला माणूस सवयीने आधी डोंगर शोधतो. सह्याद्रीने आपल्याला ती सवय लावली आहे. इथे डोंगर नाही. दृष्टी पोचेल तिथवर कापूस, ऊस आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी. अशा मुलखात कोट उभारायचा तर तो भुईवरच उभारावा लागतो, आणि पाथरीला तो उभारला गेला होता. त्याची हकिगत फरिश्त्याने लिहून ठेवली आहे. हा इतिहासकार तरुणपणी अहमदनगरच्या दरबारात होता आणि पुढे विजापूरला जाऊन त्याने दख्खनचा इतिहास लिहिला. पाथरीची गोष्ट सांगताना तो फार दूरचे काही सांगत नव्हता.

पाथरीच्या कुलकर्ण्यांचे एक घराणे काही कारणाने गाव सोडून विजयनगरच्या राज्यात गेले. त्या घराण्यातल्या भैरवचा मुलगा तिमाप्पा. अहमदशहा बहमनीच्या फौजेने त्याला लहानपणी पकडून नेले आणि सुलतानाच्या गुलामांत त्याची भरती झाली. तिमाप्पाचा हसन झाला. तो शहजाद्याबरोबर फारसी शिकला, बापाच्या भैरव या नावावरून 'बहिरी' म्हणवला गेला आणि चढत चढत बहमनी राज्याचा मलिक नायब निजाम-उल-मुल्क झाला. बहमनी वजीर महमूद गावानला संपवणाऱ्या कटात त्याचा हात होता, आणि पुढे बीदरला त्याचाही तसाच घात झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. अहमदनगर वसवणारा तो हाच. म्हणजे निजामशाहीचे मूळ धरले तर ते पाथरीच्या कुलकर्ण्याच्या दप्तरापर्यंत जाते.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण सात वर्षांचा असताना गादीवर बसला. राज्याचा जम बसल्यावर पाथरीचे जुने ब्राह्मण भाऊबंद नगरला आले. मधे दोन पिढ्या गेल्या होत्या, धर्म बदलला होता, भाषा बदलली होती, आणि नाते मात्र दोन्ही बाजूंनी मानले गेले. आपले पूर्वजांचे गाव आपल्याकडे असावे, एवढीच त्यांची मागणी. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशाहीत होती. तेव्हा नगरहून अलाउद्दीन इमादशहाला पत्र गेले: पाथरी आम्हाला द्या, बदल्यात तिच्याहून जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या.

या पत्रापाशी मी दर वेळी थांबतो. राजे एकमेकांचा मुलूख लुटतात, बळकावतात, खंडणी मागतात. इथे एक राजा तोट्याचा सौदा स्वतःहून मांडतो आहे, कारण ते गाव त्याच्या पणज्याच्या लेखणीचे आहे. इमादशहाला ही भाषा कळली नसावी, किंवा फार नीट कळली असावी. त्याने नकार दिला आणि पाथरीला कोट बांधायला घेतला. सरहद्दीवर कोट घातला तर वैर वाढेल, असे नगरच्या मुकम्मलखान वजिराने कळवूनही पाहिले. कोट पुरा झाला आणि इमादशहा निर्धास्त मनाने एलिचपूरला परतला.

मग १५१८ मध्ये बुऱ्हाण, तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला, दौलताबादचा किल्ला आणि वेरूळची लेणी पाहायला म्हणून निघाला. बरोबर फौज होती. वेरूळच्या वाटेवरून तो एकदम पूर्वेला वळला आणि त्याच्या माणसांनी तटाला शिड्या लावून पाथरी घेतली. १५२७ मध्ये इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुली कुतुबशहाची मदत घेऊन ती परत मिळवली, आणि बुऱ्हाण बीदरच्या अमीर बरीदला घेऊन पुन्हा चालून आला. या वेळी दोन महिने तोफा चालल्या. पाथरी पडली. जिंकणारा जिंकलेल्या कोटाची डागडुजी करतो, शिबंदी बसवतो, किल्लेदार नेमतो. बुऱ्हाणने तो कोट जमीनदोस्त केला आणि गाव आपल्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम देऊन टाकले. अकबराच्या काळापर्यंत ते त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले, असे फरिश्ता लिहितो.

कोट टिकला दहाएक वर्षे. त्याआधी आणि त्यानंतर टिकलेली गोष्ट दुसरीच होती, आणि तिला मराठीत नाव आहे: वतन. शब्द अरबीतला. उर्दू बोलणाऱ्याला तो ऐकला की जन्मभूमी आठवते, डोळे ओलावतात. मराठी माणसाला तो ऐकला की सातबारा आठवतो, हक्क-लवाजमा आठवतो, पाटीलकी, कुलकर्णीपण आणि चुलत्याशी चाललेला दावा आठवतो. एकच शब्द एका भाषेत ओढ झाला आणि दुसरीत हक्क. पाथरीच्या गोष्टीत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. बुऱ्हाणच्या मनात कोणता होता असे विचारले तर ते वेगळे काढता येणार नाहीत, असेच मला वाटते. गाव आपले वाटते म्हणून हक्क सांगायचा, आणि हक्क आहे म्हणून गाव आपले वाटत राहते.

कुलकर्ण्याकडे बाकी काय होते? तलवार नव्हती, शिबंदी नव्हती. कोणाचे शेत किती, पड किती, वसूल किती, बाकी किती हे लिहिणारा तो हात. राज्य बहमनींचे होवो नाहीतर इमादशहाचे, नवा अंमलदार गावात आला की त्याला त्याच दप्तरापाशी बसावे लागे. तटाला शिडी लावता येते. दप्तर हातात आले तरी ते वाचायला कुलकर्णीच लागतो. म्हणून इथली राज्ये पन्नास-शंभर वर्षांत बदलत गेली आणि वतने तीनशे-चारशे वर्षे चालली.

बालाघाटातल्या किल्ले धारूरला गेलात तर हेच उलट्या बाजूने दिसते. पाथरीहून माजलगाव ओलांडून डोंगरात शिरले की हा किल्ला लागतो: तीन बाजूंना खोल दऱ्या, चौथ्या बाजूला खोदलेला खंदक. अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने १५६७ च्या सुमारास तो निजामशाहीच्या तोंडावर बांधला. दोन-तीन वर्षांतच मुर्तजा निजामशहा त्यावर चालून गेला, किश्वरखान बाण लागून पडला आणि किल्ला नगरकरांच्या हाती आला. सरहद्दीवर घातलेला तट शत्रूला थोपवत नाही, त्याला बोलावतो, हे पाथरीला घडले तेच धारूरला घडले. पण धारूर कोणाच्या पणज्याचे गाव नव्हते, म्हणून ते पाडले गेले नाही. किल्ला म्हणून ते कामाचे होते, किल्ला म्हणूनच उभे राहिले, आणि आज बघण्यासारखे काही असेल तर तिथे आहे. ज्याच्यावर माया नव्हती तो कोट उरला.

पण या मुलखातले खरे कोट बघायचे तर हमरस्ता सोडून आत जावे. गोदेच्या खोऱ्यात गावोगावी गढ्या आहेत. कुठे धड, कुठे नुसते पांढरे टेकाड. देशमुखाने किंवा पाटलाने बांधलेली ही घराएवढी ठाणी: चार कोपऱ्यांना बुरुज, एकच दरवाजा आणि त्याला दिंडी, आत देवडी, विहीर, धान्याचे पेव, भिंतीत बंदुकीच्या नळीपुरत्या जंग्या. खाली दगडाचे काही थर आणि वर हातभर नव्हे, पुरुष-पुरुष जाडीची मातीची भिंत. ही माती शेतातली नसते. गावाची जुनी वस्तीची जागा म्हणजे पांढरी आणि कसायची जमीन म्हणजे काळी. गढीला लागते ती पांढरीची माती, शेकडो वर्षांची राख, शेण, पडलेली घरे, माणसांचा वावर मुरून चिकट झालेली. हीच माती माळवदावर टाकतात, कारण ती पाणी झिरपू देत नाही. राजाचा किल्ला दगडाचा आणि वतनदाराचा कोट गावाच्याच मातीचा. पडत्या गढीची माती लोक पुन्हा माळवदासाठी उकरून नेतात. ती गावातून वर चढली होती, गावात उतरते.

इथवर वतनाची मायाच सांगितली. पण गढीच्या जंग्या कोणाकडे रोखलेल्या होत्या हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेंढारी आणि परक्या फौजा होत्याच. पण त्या आपल्याच रयतेकडेही होत्या, आणि आपल्याच राजाकडेही. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडे-हुडे-कोट पाडून त्यांना इतरांसारख्या साध्या घरात राहायला लावले, असे बखरकार सभासद सांगतो ते यामुळेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही वतनदारांविषयी हीच धास्ती आहे: ते राज्यात वाटेकरी आहेत, त्यांना बुडवू नये आणि मोकळेही सोडू नये. बुऱ्हाणने पाथरीचा तट पाडून वतन दिले आणि महाराजांनी वतनदाराचा तट पाडला. दोघांनाही कळले होते की तट आणि वतन एका हातात गेले की तो हात आवरत नाही.

आणि वतन म्हणजे प्रत्येकालाच दप्तर आणि इनाम नव्हे. वेशीबाहेर राहणाऱ्या महारालाही वतन होते. रात्री-बेरात्री हाक आली की उठायचे, सरकारी टपाल वाहायचे, सीमेच्या भांडणात साक्ष द्यायची, मेलेले ढोर ओढायचे, आणि बदल्यात तुटपुंजा बलुत्याचा वाटा. त्याच्यासाठी हा शब्द साखळी होता. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले ते ही साखळी तोडण्यासाठी. तो कायदा मुंबई इलाख्यातला आणि पाथरी निजामाच्या राज्यात. पण वेशीबाहेरचे जगणे दोन्हीकडे एकच होते. आपल्याच माणसांना आंबेडकर सांगत होते की हे वतन सोडा, त्याच्या मायेत राहू नका. पाथरीच्या ब्राह्मणांनी दोन पिढ्यांनंतरही ज्याच्यासाठी नगर गाठले, त्याच गोष्टीतून मोकळे होण्यासाठी दुसऱ्यांना लढावे लागले. वतनाचे निरूपण करताना यातली एकच बाजू सांगणारा माणूस खोटे बोलतो.

१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादला थांबले. धुळीने माखलेल्या सोबत्यांनी किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर हातपाय धुतले आणि हौद बाटवला म्हणून जमाव धावून आला. शेवटी आत पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, पहाऱ्याला शिपाई देऊन त्यांना किल्ला बघू दिला. हे त्यांनी स्वतः लिहिले आहे. दौलताबाद आणि वेरूळ बघायला निघालो असे सांगून जो मुलगा फौज घेऊन पाथरीवर गेला, त्याचीच ही वाट. त्याला कोणी अडवले नव्हते.

पाथरीवरून आणखी एकदा रक्त सांडले, ते थोडक्यात सांगतो. १५९६ मध्ये चांदबिबीने वऱ्हाड मोगलांना दिले तेव्हा पाथरी वऱ्हाडात धरायची की नगरकडे, हा वाद उठला. मोगलांनी ती व्यापली आणि त्यातून १५९७ ची गोदाकाठची आष्टीची लढाई झाली. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना तिथे पडला. पुढे पाथरी वऱ्हाड सुभ्यातली एक सरकार म्हणून अकबराच्या दप्तरात चढली.

आज पाथरीला येणारा बहुतेक माणूस यातल्या कशासाठीही येत नाही. तो साईबाबांच्या जन्मस्थान मंदिरात येतो. मंदिर १९९९ मध्ये उभे राहिले. बाबांनी आपले गाव, आपली जात उघडपणे कधी सांगितली नाही. विचारणाऱ्यांना त्यांनी वाटेला लावले. फक्त त्यांचे भक्त म्हाळसापती यांची एक आठवण नोंदली गेली आहे: बाबा म्हणाले होते की आपण पाथरीचे, ब्राह्मणाच्या घरचे, लहानपणीच एका फकिराच्या हाती दिलेले. ते वाचले की तिमाप्पा आठवल्यावाचून राहत नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा झाली, तिचा उल्लेख जन्मस्थान म्हणून झाला आणि १९ तारखेला शिर्डीकरांनी गाव बंद ठेवले. पाथरीकरांना बाबा आपले हवे होते. शिर्डीकरांना ते कोणत्याही एका गावाचे नको होते. दोन्ही गावांचे म्हणणे मला मनापासून कळते.

मंदिराच्या गल्लीत चपला काढताना शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाबांनी थोडे सरकून मला जागा दिली. कपाळावर बुक्का, हातात काठी. माझे नाव त्यांनी विचारले नाही.

"गाव कोणतं, बाबा?" एवढेच म्हणाले.

मी सांगितले. त्या गावात माझे आता काहीही नाही.