दिसण्यापासून ओळखण्यापर्यंत

मूत्राशयाचा कर्करोग बहुधा त्या अवयवाच्या आतल्या अस्तरात सुरू होतो आणि मूत्रमार्गावाटे तिथवर पोहोचता येते. त्यामुळे शरीराच्या आत डोकावण्याच्या प्रयत्नांत मूत्राशयाला आरंभापासून स्थान मिळाले. १८०६ च्या सुमारास फिलिप बोझिनी या जर्मन वैद्याने मेणबत्तीचा उजेड आरशाच्या साहाय्याने नळीतून आत सोडणारे उपकरण बनवले, परंतु दिवा बाहेर असल्याने आत पोहोचणारा उजेड तोकडा पडे. माक्सिमिलियान निट्झे याने १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे दाखवलेल्या उपकरणात दिवाच नळीच्या टोकाशी नेला होता. विजेने तापवलेली प्लॅटिनमची तार तिथे उजळत असे आणि तिच्या आचेने अस्तर भाजू नये म्हणून भोवती पाणी खेळवावे लागे. पुढे विजेचा चिमुकला दिवा आला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॅरल्ड हॉपकिन्स याच्या रचनेत भिंगांमधील हवेची जागा काचेच्या कांड्यांनी घेतली, तेव्हा दुर्बिणीतील चित्र लख्ख झाले.

या साऱ्या प्रगतीमागे उजेड वाढला की रोग लवकर सापडेल, ही एकच धारणा होती. कोंबासारख्या वर आलेल्या गाठींपुरती ती खरी ठरली. मात्र अस्तरापुरता मर्यादित, सपाट, तरीही उग्र पेशींचा जो कर्करोग ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणून ओळखला जातो, त्याच्यापुढे ती लंगडी पडली. मखमली, लालसर डागासारखा दिसणारा हा रोग साध्या दाहापासून वेगळा काढणे कठीण असल्याने, तो नजरेसमोर असूनही निसटू शकतो.

म्हणून प्रकाशाच्या प्रमाणाऐवजी त्याच्या रंगाचा विचार सुरू झाला. १९९० च्या दशकात विकसित झालेल्या नीलप्रकाश तपासणीत मूत्राशयात एक औषधी द्राव काही काळ ठेवतात. कर्कपेशींमध्ये त्यापासून बनणारे पोर्फिरिन जातीचे द्रव्य अधिक साठते आणि निळ्या प्रकाशात लाल चमकते. अरुंद पट्ट्याच्या प्रकाशाची दुसरी पद्धत औषधाविना चालते: रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेईल अशाच निळ्या व हिरव्या लहरी वापरल्यामुळे गाठीला पोसणाऱ्या रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात.

तथापि दाह झालेले अस्तरही निळ्या प्रकाशात चमकू शकते, आणि अखेरचा निवाडा काढलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीनेच होतो. शिवाय अधिक गाठी सापडणे आणि रुग्णाचे अधिक भले होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. नीलप्रकाशामुळे निदान वाढते असे अनेक अभ्यासांत आढळले असले, तरी ब्रिटनमधील ‘फोटो’ या चाचणीच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या प्रकाशात शस्त्रक्रिया केल्याने ३ वर्षांतील रोगाचे पुन्हा उद्भवणे कमी झाले नाही. दुसरीकडे एमआरआयच्या चित्रांना १ ते ५ अंक देणारी ‘व्हाय-रॅड्स’ ही २०१८ ची पद्धत गाठ स्नायूंच्या थरात उतरली आहे का, याचा अंदाज देते. अर्थात तिचा भर रोगाच्या खोलीवर आहे, सपाट डाग टिपण्यावर नाही.

दोन शतकांच्या या वाटचालीत प्रश्न सूक्ष्म होत गेला, पण ही सारी साधने रुग्ण दवाखान्याची पायरी चढल्यावरच कामी येतात. लक्षणे नसलेल्या सर्वांची सरसकट तपासणी करण्याची शिफारस आज केली जात नाही. म्हणूनच लघवीतून रक्त एकदाच गेले, दुखले नाही आणि आपोआप थांबले, तरी विशेषतः तंबाखू ओढणाऱ्या व्यक्तीने ते अंगावर काढू नये. मूत्ररोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.