औषधाने आवरलेली भूक

औषधाने भूक मंदावली तर त्यास संयम म्हणावे काय, असा प्रश्न हल्ली बुटीबोरीकडे कीर्तनानंतर आम्हांस विचारतात. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड, अशी आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शने भारतात आली. जेवल्यावर आतड्यात जे स्राव सुटतात, त्यांच्यासारखेच त्यांचे काम. जठर हळू रिते होते, पोट भरल्याची जाणीव लवकर येते.

कोणी म्हणतात, ही पळवाट. आम्हांस तसे वाटत नाही. स्थूलता हा रोग आहे. चष्मा लावणाऱ्यास आपण आळशी म्हणतो का? मात्र औषधाला व्रताचे पुण्य चिकटवू नये. गीतेचा दुसरा अध्याय सांगतो की, आहार सुटला तरी आतली गोडी उरते. इंजेक्शन थांबले की भूक परतते, वजनही बहुधा वाढते. तेवढ्या अवधीत जिभेला वळण लावून घ्यावे, ते काम सुई करीत नाही.

आरंभी मळमळ, वांती, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होते. म्हणूनच मात्रा अल्प ठेवून चार-चार आठवड्यांनी वाढवतात. घास लहान घ्यावा, तळकट टाळावे, पोट भरण्याआधी उठावे. स्नायू झिजू नयेत म्हणून डाळ-दूध घ्यावे, चालत राहावे. वांती होत असता एकादशी निर्जळ करू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारावेच. पंढरीची वाट याच देहाने चालायची आहे, बाबांनो.

भूक औषधाने आवरली. वाचलेला घास भुकेल्याच्या पानात वाढणे मात्र आपल्याच हातचे. संयम तिथून सुरू होतो.