उण्यातलं गाव

‘कुठले तुम्ही?’ असं कुणी विचारलं की वडील ‘जुन्या पळसदेवचे’ म्हणत. ‘जुन्या’ हा शब्द त्यांनी कधी गाळला नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर, इंदापूर तालुक्यात पळसदेव आजही आहे, पण ते नवं गावठाण. मूळ गाव भीमेच्या काठावर होतं. १९८०मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि ते फुगवट्याखाली गेलं.

उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, जवळपास ६३ टीएमसी, मृतसाठ्यात मोजतात. टक्केवारीचं शून्य त्या मृतसाठ्याच्या माथ्यावर आहे. पाणी त्याखाली उतरलं की बातम्यांत ‘उजनी उणे वीस, उणे चाळीस’ असं येऊ लागतं. पलसनाथाचं जुनं देऊळ पायथ्यापर्यंत उघडं पडतं ते धरण असं खोल उण्यात गेल्यावर. म्हणजे आमच्या घराण्याला मूळ गावी जायचं तर आधी दुष्काळ पडावा लागतो.

२०२४च्या मे महिन्यात तसं झालं. तात्या, माझे चुलते, भेगाळलेल्या गाळावरून माझ्यापुढे झपाझप चालत होते. विटांचं ते उंच शिखर मी लहानपणापासून फक्त ऐकलेलं. चव्वेचाळीस वर्षं पाणी झेलूनही ते उभं होतं. जवळच वीरगळ. कुणाच्या तरी पराक्रमाचा तो दगड गाळ पुसून मी बराच वेळ बघत राहिलो. तात्या मात्र देवळापाशी फार थांबले नाहीत. जोत्यांच्या दगडांतून वाट काढत एका जागी उभे राहिले आणि म्हणाले, “हितं आपला उंबरा.” मला तिथं चार दगड दिसत होते. त्यांनी चपला काढल्या.

जुन्या माणसांच्या बोलण्यात शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळीचा मोबदला एकरात मोजता येतो. भिंतींची, वाशांचीही किंमत काढता येते. पण पिढ्यान्‌पिढ्यांची चूल, सारवण आणि राख मुरून पांढरी झालेली माती कशात मोजायची?

त्या उंबऱ्यावर मला आनंद झाला, आणि त्याच क्षणी लाज वाटली. त्याच उन्हाळ्यात सोलापूरकर नळाच्या पाण्याची दिवसचे दिवस वाट बघत होते, ऊस वाळत होता. गाव दिसावं अशी इच्छा धरणं म्हणजे त्यांचा घसा कोरडा पडावा असं म्हणण्यासारखंच. धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. पावसाची वाट बघत जगणारा हा मुलूख त्याच पाण्यावर उभा राहिला. तरी ते पाणी पिणाऱ्याला त्याखालच्या गावांची नावं ठाऊक असावीत, एवढी अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही. वडील एकाही दुष्काळात इथं आले नव्हते. आम्हाला वाटे, त्यांना गावाची ओढ राहिली नाही. आता वाटतं, ते या इच्छेपासूनच लांब राहिले असावेत.

निघताना चिमूटभर माती घ्यावी म्हणून वाकलो. हाताला गाळच लागला. पांढरी त्याच्या खाली, बरीच खोल होती.

ऑगस्टमध्ये तात्यांचा फोन आला. आवाजात आनंद होता. “भरलं बरं का धरण,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “शिखर तर कवाच गेलं.”