वंदनेचा स्वर

उपासक-उपासिकांनो,

अतिप्रयत्नाने खचलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली किंवा फार सैल सोडली, तर वीणा नीट वाजत नाही. मनाचेही तसेच आहे.

दिवसभर राबून आपले मन ताणलेले असते. संध्याकाळी घरातील सर्वांनी मिळून संथ स्वरात वंदना म्हणावी. श्वास सावकाश बाहेर पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात, मज्जातंतूंवरचा ताण उतरतो. हा चमत्कार नव्हे, शरीराचा धर्म आहे. म्हणून गाथेला मंत्र समजू नका. आजाऱ्याचे औषध थांबवू नका.

आणि मुलांना गाथेचा अर्थ अवश्य सांगा. स्वराने मन निवते. शील मात्र अर्थ उमगल्यावरच अंगी येते.

जयभीम!